जुन्या गाडीचे इंजिन ऑइल : दिवा विझला म्हणजे दोष गेला असे नव्हे

जुन्या मोटारींना पुन्हा भाव आला आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ साली सुरू झालेली फियाट ११०० डिलाइट पुढे पद्मिनी झाली. तिच्या मुंबईतल्या टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर बंद झाल्या. ॲम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. केंद्र सरकारने २०२१ साली ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी वेगळी व्हिंटेज नोंदणी सुरू केली. पुण्यातल्या अनेक व्यापारी घरांत वडिलांच्या वेळची गाडी अजून उभी आहे. काहीजण हौसेने तशी विकतही घेतात. अशा गाडीत सर्वांत जास्त नुकसान कशाने होते, तर तेलाविषयीच्या एका गैरसमजाने.

माझ्या घरच्या पद्मिनीचाच दाखला देतो. कात्रजचा घाट चढून आलो आणि गाडी थांबवली की ऑइलचा लाल दिवा लुकलुके. मिस्त्री म्हणाले, "शेठ, तेल पातळ पडतंय, जाड घाला." जाड तेल घातले, दिवा विझला, मी खूश झालो. पाच महिन्यांनी इंजिनातून ठोके येऊ लागले. इंजिन उघडले तेव्हा क्रँकशाफ्टचे बेअरिंग खरवडलेले निघाले. मूळ दोष होता पेट्रोल पंपाच्या फाटलेल्या पडद्यात. त्यातून पेट्रोल थेंब थेंब तेलात उतरत होते. पडद्याचा खर्च किरकोळ होता. इंजिनाच्या खर्चात दुकानाचा एक चांगला सीझन गेला.

कापडाच्या धंद्यातल्या माणसाला हे लगेच समजावे. विरळ कापडाला खळ दिली की ते हाताला जाड लागते. पहिल्या धुण्यात खळ जाते आणि खरा पोत दिसतो. जाड तेल ही इंजिनाची खळ आहे.

दाब म्हणजे काय?

इंजिनातला ऑइल पंप दर फेऱ्याला ठराविक तेल ढकलतो. ते तेल बेअरिंगच्या बारीक फटींतून बाहेर पडताना जो अडथळा होतो, त्यालाच आपण दाब म्हणतो. फट झिजून रुंद झाली तर दाब घटतो, तेल तापून पातळ झाले तरी घटतो. तेल जाड केले तर अडथळा वाढतो आणि काटा वर जातो, पण फट होती तेवढीच राहते.

दुसरी गोष्ट, शाफ्टला उचलून धरणारा दाब पंपाचा नसतोच. इंग्लंडमध्ये बोशॉं टॉवर या इंजिनिअरने रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग केले. त्यांचा अहवाल १८८३ साली आला. बेअरिंगच्या वरच्या बाजूला पाडलेल्या भोकातून तेल बाहेर येऊ लागले. त्याने बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. फिरणारा आस स्वतःच तेल ओढून पाचरीसारखे खाली घेतो आणि त्या थरावर तरंगतो, हे त्यातून कळले. १८८६ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्सने त्याचे गणित मांडले. म्हणजे पंपाचे काम फक्त पुरेसे तेल पोचवण्याचे. तेल गरजेपेक्षा जाड असेल तर थंड इंजिनात पंपाजवळचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि बरेचसे तेल परत चेंबरमध्ये पडते. काटा वर असतो, पण बेअरिंगकडे तेल कमी जाते.

ग्रेड कशी वाचावी?

सुताला जसा काउंट, तशी तेलाला ग्रेड. २०डब्ल्यू-४० मधला पहिला आकडा थंडीतला, दुसरा गरम इंजिनातला. १०० अंश सेल्सिअसला ४० ग्रेडची दाटी १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक असते, ५० ग्रेडची १६.३ ते २१.९. २०डब्ल्यू तेलाची थंडीत इंजिन फिरवण्याची चाचणी उणे १५ अंशांवर घेतात. पुण्याच्या नोंदीत पारा शून्याखाली गेलेला नाही, म्हणून इथे जुन्या गाडीला महागड्या ०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यू तेलाची गरज नाही. साधारणपणे पद्मिनीला किंवा १४८९ सीसीच्या जुन्या ॲम्बॅसेडरला २०डब्ल्यू-४० पुरते. उन्हाळ्यात सतत घाट चढायचा असेल तर २०डब्ल्यू-५० चालते. शेवटचा शब्द गाडीच्या मॅन्युअलचा मानावा.

जस्ताचा प्रश्न

जुन्या इंजिनात कॅम थेट सपाट टॅपेटवर घासतो. तिथे तेलाचा थर टिकत नाही आणि दाबाचाही उपयोग नसतो. तिथे राखण करते ते तेलात मिसळलेले जस्त आणि फॉस्फरसचे संयुग. फॉस्फरस नव्या गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बाधतो म्हणून एपीआयच्या नव्या दर्जांत तो कमी केला गेला. २००४ च्या एसएम दर्जापासून मर्यादा ०.०८ टक्के झाली, पण ती ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ ग्रेडपुरती आहे. २०डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-५० वर ती लागू नाही. म्हणून "नवे तेल जुन्या गाडीला विष" असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. चूक होते ती नव्या कारचे पातळ तेल जुन्या इंजिनात ओतल्याने.

दिवा लागला तर क्रम पाळा

दिवा फार उशिरा, दाब अगदी तळाला गेल्यावरच लागतो. म्हणून चालू गाडीत तो लागून राहिला तर इंजिन ताबडतोब बंद करावे. मग स्वस्त कारणापासून महाग कारणाकडे जावे.

१) डिपस्टिक पाहा. तेल कमी आहे का? न घालताच वाढले आहे का? पेट्रोलचा वास येतो का? वास आला तर आधी पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्बोरेटर दुरुस्त करा, मगच तेल बदला.

२) दिव्याच्या स्विचवर भरवसा न ठेवता गॅरेजमधला काट्याचा गेज लावून गरम इंजिनाचा दाब मोजा. दर १,००० फेऱ्यांना सुमारे १० पौंड हा ढोबळ हिशेब आहे.

३) फिल्टर, रिलीफ व्हॉल्व्ह व त्याची स्प्रिंग, चेंबरमधली जाळी तपासा.

४) त्यानंतर ऑइल पंप, आणि सर्वांत शेवटी बेअरिंग.

नाना पेठेत यातले बहुतेक सुटे भाग विचारपूस केल्यावर मिळतात. तेल सीलबंद डब्यातलेच घ्यावे आणि बिल घ्यावे. गाडी कमी चालत असली तरी वर्षातून एकदा तेल बदलावे, कारण उभ्या गाडीतही ओल आणि आम्ल साठते.

खरेदी-विक्री करताना

जुनी गाडी घेताना विक्रेत्याने इंजिन आधीच गरम करून ठेवू नये असे सांगा. थंड इंजिन स्वतः सुरू करा, अर्धा तास चालवा, मग ते हळू चालू ठेवून गेज पाहा आणि कोणते तेल घातले आहे ते विचारा. २०डब्ल्यू-५० घालूनही गरम इंजिनाचा दाब पडत असेल तर इंजिनाच्या कामाचा खर्च किमतीतून वजा करा. आणि आपण विकणारे असलो तर मालातला ऐब सांगून विकावा. खळ दिलेला माल एकदा खपतो, पण गिऱ्हाईक दुसऱ्यांदा दुकानाची पायरी चढत नाही.