आजचे चिंतन : आधी विष, मग अमृत (गीता १८.३७-३८)



आजचे दोन श्लोक सुखाची पारख सांगतात. सात्त्विक सुख सुरुवातीला विषासारखं लागतं आणि शेवटी अमृत होतं. राजस सुखाचं नेमकं उलटं. हे वाचताना आपल्याला जिभेचे चोचले नाहीतर मोबाईल आठवतो. मला आज पेनकिलरची स्ट्रिप आठवतेय.

ऑपरेशननंतर डॉक्टर काही दिवसांसाठी ट्रॅमाडॉल लिहून देतात. ही ओपिऑइड गोळी, म्हणजे अफूसारखंच काम करणारी. दुखणं थांबतं आणि काहींना सोबत एक ऊबदार निवांतपणाही मिळतो. मग दुखणं गेलं तरी त्या निवांतपणासाठी गोळी चालूच राहते. शरीर सरावतं, एकाच्या दोन होतात, दोनाच्या चार. पुढे सुख राहतं बाजूला, गोळी घ्यायची ती फक्त त्रास होऊ नये म्हणून. एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं, ते उगाच नाही. पण चिठ्ठीवरचं औषध, त्यामुळे घरात कुणाला शंकाही येत नाही.

सोडताना नाक गळतं, घाम, जुलाब, अंग ठणकतं, झोप उडते. 'आधी विष' ते हेच. इथे आपली साधक मंडळी हमखास चुकतात. "नाम घे, मन घट्ट कर, उद्यापासून बंद!" अहो, विष एकट्याने, एका घोटात प्यावं असं श्लोकात कुठे आहे? डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. गरज पडली तर ब्युप्रेनॉर्फिन देतात; ते मेंदूत त्याच जागी बसतं, पण अर्धवट काम करतं आणि तलफ शांत ठेवतं. "म्हणजे एक व्यसन सोडून दुसरं," असं म्हणणारे भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. इन्सुलिन घेणाऱ्याला आपण व्यसनी म्हणतो का?

आणखी एक, हे नीट वाचा. दहा दिवस शिबिरात राहून गोळी सुटली की शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. घरी येऊन तोच जुना डोस घेतला, तर श्वास मंदावून माणूस जाऊ शकतो. म्हणून पुन्हा घसरलेल्याला 'देवाला फसवलंस' म्हणू नका, तो लपवायला लागेल. त्याच्यासोबत डॉक्टरकडे जा. सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय.

आणि जप झाला की घरातला औषधांचा डबा एकदा उघडून बघा. मागच्या ऑपरेशनच्या उरलेल्या गोळ्या अजून तिथेच असतील.

उद्या श्लोक ३९, तामस सुख.