सही करण्याआधी वकील

प्रश्न : मार्च 2025 मध्ये प्रेस मशिनवर माझ्या भावाची दोन बोटे तुटली. कंपनी म्हणते, तो ठेकेदाराचा माणूस आणि चूकही त्याचीच. थोडे पैसे देऊन कागदावर सही मागतात. वकील परवडेल का?

उत्तर : सही करू देऊ नका. अपघाताच्या तारखेमुळे इथे 1923 चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा लागतो आणि त्यात हक्क सोडून देणारा करार मुळातच निरर्थक ठरतो. तडजोड करायचीच, तर ती या कायद्याखालील आयुक्तांकडे नोंदवावी लागते. महाराष्ट्रात हे काम कामगार न्यायालय पाहते. काम कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असेल, तर ठेकेदाराच्या माणसाचीही भरपाई मूळ मालकाकडे मागता येते. ‘चूक त्याचीच’ हा आक्षेप वरवर वजनदार वाटतो, पण साधा निष्काळजीपणा पुरेसा नाही. मशिनचा सुरक्षा गार्ड त्याने जाणूनबुजून काढला, हे मालकाला सिद्ध करावे लागते. गार्ड काढूनच उत्पादन घेतले जात असेल, तर हे सिद्ध करणे सोपे नाही. म्हणूनच वकील आधी हवा: सहकाऱ्यांची साक्ष, दवाखान्याचे कागद, हजेरीपट वेळेत गोळा होतात. फीची चिंता असल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करा. पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर मात्र दावा त्या विमा महामंडळाकडे जातो. पगारपत्रक आधी तपासा. दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षे.