जाहिरात ते नियुक्ती

माझ्या गावाकडच्या कोणत्याही पदवीधराला सरकारी नोकरी का हवी, हे विचारायला लागत नाही. शेती कोरडवाहू, सोयाबीनचा भाव दरवर्षी वेगळा. बीएस्सी झाल्यावर वाळूजच्या कारखान्यात काम मिळतं, पण ठेकेदाराकडून, आणि ते कधी थांबेल याचा नेम नाही. लग्नाच्या बैठकीत 'मुलगा नोकरीला आहे का' या प्रश्नात सरकारी हा शब्द न उच्चारताच येतो. आजारपणात पगार चालू राहतो, एवढी एकच गोष्ट ज्या घरात कधीच घडली नाही, त्या घरातल्या मुलाची ओढ मला पूर्णपणे पटते. तिला कुणी लोभ म्हणालं की राग येतो.

मीही राज्यसेवेसाठी पुण्यात राहिलो. अभ्यासिका, मेस, कॉट बेसिसवरची खोली. अभ्यास किती कठीण आहे, हे सगळे सांगतात. जाहिरातीपासून नियुक्तीपर्यंतच्या काळात काय खायचं, हे कुणी सांगत नाही. २०१९ च्या राज्यसेवेचा अंतिम निकाल जून २०२० मध्ये लागला. ४१३ जण निवडले गेले. पण मराठा आरक्षणाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होतं आणि ही निवड झालेली मुलं वर्षभराहून अधिक काळ नियुक्तीविना राहिली. पेढे वाटून झालेले, पगार नाही! २०२१ मध्ये १४ मार्चची पूर्वपरीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली, तेव्हा पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली. पेपर आठवड्याने, २१ मार्चला झाला, तरी त्या संतापामागे आधीच्या कितीतरी लांबलेल्या तारखा होत्या.

खुल्या प्रवर्गाला ३८ वर्षांपर्यंत परीक्षा देता येते, मागासवर्गीयांना ४३. ही सवलत गरजेचीच आहे. पण तिच्यामुळे 'अजून एक वर्ष' म्हणणं फार सोपं होतं. माझा खोलीतला मित्र मुख्य परीक्षेपर्यंत पुनःपुन्हा पोचायचा. शेवटी खासगी कंपनीत मुलाखतीला गेला, तर पहिलाच प्रश्न आला, मधली वर्षं काय केलंत? तो माझ्यापेक्षा हुशार आहे, आजही मी हे कुणालाही सांगेन.

म्हणून पुण्याला निघणाऱ्यांना माझं सांगणं आहे: जायच्या आधी आई-वडिलांसमोर बसून पैसे कुठून येणार आणि कुठल्या वर्षापर्यंत, हे ठरवा आणि कागदावर लिहा. नुसत्या राज्यसेवेवर राहू नका, सरळसेवेचेही अर्ज भरा. आणि पोट भरेल असं एक काहीतरी सोबत शिका. मी जीडीसी अँड एची, म्हणजे सहकार आणि लेखा यांच्या शासकीय पदविकेची परीक्षा दिली. पदवीधराला ती देता येते, आणि सहकारी संस्थांच्या हिशेबाचं काम तालुक्यातालुक्यांत असतं. आज त्यावरच माझं घर चालतं. तुमचं बीएड असेल, टॅली असेल, दुसरं काही असेल. पूर्वपरीक्षा देऊन खोलीवर परतलात की निकालाची वाट पाहण्याच्या त्या महिन्यांतच ते सुरू करा.