पोर्तोच्या ओल्या पायऱ्या

माझा उजवा हात पोर्तुगालमधल्या पोर्तोत मोडला. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, कॅथेड्रलच्या टेकडीवरून नदीकडे उतरणाऱ्या एका दगडी जिन्यावर. पाऊस थांबून अर्धा तास झाला होता. ऊन पडलं होतं, समोर दोरू नदी चमकत होती, पलीकडच्या काठावर गाया या शहराची कौलारू गोदामं दिसत होती. फोटो काढायला मी मोबाइल वर धरला आणि न बघता पाय खालच्या पायरीवर टाकला. पुढचं आठवतं ते एवढंच, की पायरी नव्हतीच, नुसता ओला गुळगुळीत दगड होता.

मुलगी तिथे दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला होती, म्हणून आम्ही दोघं तिळगूळ घेऊन गेलो होतो. निघण्याआधी मी महिनाभर वाचत होते. काय बघावं, कुठे खावं, कुठून सूर्यास्त पाहावा, सगळं वहीत लिहिलं होतं. घरी परतल्यावर ती वही पुन्हा चाळली, तेव्हा लक्षात आलं की मी वाचलेलं सगळं जून-जुलैमध्ये जाऊन आलेल्या लोकांनी लिहिलेलं होतं. पोर्तो बाराही महिने बघण्यासारखं शहर आहे, हे खरंच. पण उन्हाळ्यातला बेत उचलून जानेवारीत चालवता येत नाही, आणि जानेवारीतला जूनमध्ये. पुढच्या पावणेदोन वर्षांत मी आणखी दोनदा गेले, एकदा जूनमध्ये आणि एकदा ऑक्टोबरात. तीन ऋतू पाहून जे कळलं, ते आपल्याकडच्या आईबापांसाठी लिहिते आहे. मुलं शिकायला किंवा नोकरीला तिकडे गेली, की आपणही जातोच.

मी वसईची. पावसाचं मला कौतुक नाही आणि भीतीही नाही, असं मी मुलीला फोनवर ठासून सांगितलं होतं. आमच्याकडे एका हंगामात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, पोर्तोत सबंध वर्षाचा मिळून बाराशेच्या आसपास. पण आकड्यावरून पाऊस कळत नाही. आपला पाऊस उबदार असतो. भिजलं तर माणूस वाळतो. तिथला पाऊस ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत रेंगाळतो, अटलांटिकवरचा वारा सोबत घेऊन येतो आणि पारा आठ-दहा अंशांवर असताना आडवा मारतो. छत्री पहिल्याच दिवशी उलटी झाली. टोपीचा रेनकोट हवा, आणि बूट रबरी तळाचे, खोल खाचा असलेले. हे शहर ग्रॅनाइटचं आहे. घरं, पायऱ्या, गल्ल्या, काठाचे धक्के, सगळं त्याच दगडाचं, आणि शेकडो वर्षांच्या पावलांनी घासून त्याला झिलई आलेली. कोकणातल्या जांभ्याच्या पायऱ्या खडबडीत असतात, पायाला धरून ठेवतात. ग्रॅनाइट धरत नाही. हिवाळ्यात सांदीकोपऱ्यांतून शेवाळही असतं, नाशिकच्या घाटावर पावसाळ्यात असतं तसं. ऊन पडलं म्हणजे दगड वाळला, असं समजू नका. गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की काही पायऱ्यांवर दिवसभर ऊन पोचतच नाही.

पडल्यावर मुलीने ११२ला फोन केला. हा क्रमांक सबंध युरोपीय संघात चालतो आणि फुकट लागतो. जाण्याआधी तो मोबाइलमध्ये टाकून ठेवा. सरकारी इस्पितळात आधी तपासून मनगटाला रंगीत पट्टा बांधतात: लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. मला हिरवा मिळाला. याचा अर्थ जिवाला धोका नाही, तेव्हा थांबा. मी पाच तास थांबले. तिथल्या माणसांनी प्रेमाने वागवलं, प्लॅस्टरही उत्तम घातलं. चूक माझी झाली ती निघताना. तपासणीचा सविस्तर अहवाल मी मागितलाच नाही, नुसती पावती घेऊन आले. भारतात परतल्यावर विम्याच्या दाव्यासाठी त्या अहवालावाचून दोन महिने अडले, मुलीला पुन्हा तिथे खेपा घालाव्या लागल्या. शेंगेन व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा घ्यावाच लागतो, म्हणून आपण तो घेतो आणि विसरून जातो. त्याच्या कागदाची एक प्रत अंगावर ठेवा आणि इस्पितळातून बाहेर पडायच्या आधी अहवाल हातात घ्या.

राहिलेले सहा दिवस गळ्यात हात अडकवून काढले, तेही पावसात. पोर्तो मला खरं दिसलं ते त्या सहा दिवसांत.

सांव बेंतो हे रेल्वे स्टेशन आहे. आत शिरायला तिकीट लागत नाही. दर्शनी दालनाच्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या रंगवलेल्या फरशा आहेत, ज्यांना तिथे अझुलेझु म्हणतात. सुमारे वीस हजार फरशा, चित्रकार जॉर्ज कोलासु, स्टेशन खुलं झालं १९१६ साली. बहुतेक प्रवासी पाच मिनिटांत फोटो काढून निघतात. मी तीन दिवस रोज तासभर बसले. एका भिंतीवर १४१५ची सेउटाची स्वारी आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं ते ठाणं जिंकणाऱ्यांत राजपुत्र हेन्रिक होता, जो याच पोर्तोत १३९४मध्ये जन्मला. तिथून सुरू झालेली वाट पुढच्या शतकात गोव्याला पोचली, आणि १५३४मध्ये माझ्या वसईला. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, तोवर दोनशे वर्षं तो पोर्तुगीजांकडे होता. लहानपणापासून ज्या पडक्या भिंतींत आम्ही खेळलो, त्यांचं दुसरं टोक समोर निळ्या रंगात दिसत होतं. पावसाचा दिवस असेल तर इथून सुरुवात करा, आणि वेळ द्या.

बोल्यांवच्या मंडईतही तसंच झालं. १९१४ची ही इमारत, दुरुस्तीनंतर २०२२मध्ये पुन्हा उघडली. भाजीवालीपुढे बटाटे होते आणि पाटीवर शब्दही तोच होता. कोबीला कोव्ह, अननसाला अननाश. पाव, साबण, चावी, पगार, काजू, परात, घमेलं, हे सगळे शब्द आपल्याकडे पोर्तुगीज भाषेतूनच आले. मुलीने एकेक शब्द म्हणून दाखवला, तेव्हा त्या बाई अंगठा वर करून हसल्या आणि पिशवीत मूठभर ऑलिव्ह जास्तीचे टाकले.

याखेरीज पावसात करण्यासारखं पुष्कळ आहे. जुन्या शेअरबाजाराचा बोल्सा राजवाडा आतून बघायला मार्गदर्शकासोबतच जावं लागतं, वेळ आधी ठरवून घ्या. शेजारचं सांव फ्रान्सिस्को चर्च आतून सोन्याच्या वर्खाने मढवलेल्या लाकडी कोरीवकामाने भरलेलं आहे. लेल्लो हे १९०६चं पुस्तकांचं दुकान तिकीट काढून बघतात, पुस्तक घेतलं तर तिकिटाचे पैसे वळते होतात. हॅरी पॉटरची कल्पना इथल्या जिन्यावरून सुचली, असं कोणी सांगितलं तर मानू नका. रोलिंगबाई पोर्तोत राहिल्या होत्या, पण या दुकानात आपण कधी गेलोच नाही, असं त्यांनीच जाहीर केलं आहे. पाऊस उघडला की सेराल्व्हेशच्या बागेत जा. ऐन थंडीत तिथे कॅमेलिया फुलतात, ओल्या वाटांवर लाल-पांढऱ्या पाकळ्यांचा सडा पडलेला असतो. जूनमध्ये जाणाऱ्याला हे दिसत नाही. मात्र सोमवारी अनेक संग्रहालयं बंद असतात, आणि जानेवारीत साडेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. बेत त्या हिशेबाने करा.

घराबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. पोर्तोतली जुनी घरं आतून बाहेरच्यापेक्षा थंड असतात. मुलीच्या खोलीत हीटर नव्हता, भिंतीला बुरशी आली होती, चादर रात्री ओलसर लागायची. नोव्हेंबर ते मार्चमध्ये खोली घेताना आधी हीटरबद्दल विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. साठीच्या पुढच्या माणसांनी तर यात तडजोड करूच नये.

आता समुद्र. दोरू जिथे अटलांटिकला मिळते त्या भागाला फॉश म्हणतात. तिथे पाण्यात शिरलेला एक दगडी बांध आहे, टोकाला फेल्गैरशचं छोटं दीपगृह. हिवाळी वादळात लाटा या दीपगृहाच्याही वरून जातात, आणि ते बघायला माणसं जमतात. आमचे हे बांधाच्या सुरुवातीपर्यंत गेले होते. समुद्र चांगला दहा मिनिटं शांत होता. मग एक लाट आली, बांध धुऊन गेली आणि ह्यांना गुडघ्यापर्यंत भिजवून परतली. आणखी वीस पावलं पुढे असते तर मी हा लेख लिहिला नसता. वसईचा किंवा मुरूडचा समुद्र पाहिलेल्या माणसाला लाटेचा अंदाज येतो असं वाटतं, पण अटलांटिक मध्येच एक लाट इतरांच्या दुप्पट पाठवतो. तिथल्या हवामान संस्थेचे पिवळे, नारिंगी, लाल इशारे रोज बघा. फीत बांधून वाट बंद केली असेल तर ती ओलांडू नका. लाटा रस्त्याच्या पलीकडूनही सुंदर दिसतात. शहराच्या मध्यातून ५०० क्रमांकाची बस नदीकाठाने फॉशला आणि पुढे मातोझिन्युशला जाते. जुनी ट्रामही नदीकाठाने जाते, पण तिकीट महाग आणि रांग लांब. मी बसच घ्या म्हणेन.

नदीचंही तसंच. दोरू स्पेनच्या डोंगरात उगवते, वाटेत तिच्यावर धरणं आहेत, आणि वर पाऊस झाला की खाली पोर्तोच्या रिबैरा या नदीकाठच्या भागात धक्क्यावर पाणी चढतं. धरणाचं पाणी सोडल्यावर वैतरणेकाठी काय होतं, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. १९०९च्या डिसेंबरमधल्या पुराची आठवण तिथले लोक अजून काढतात. पूर असताना नावा बंद असतात. हिवाळ्याच्या बेतात नौकाविहाराचे पैसे आधी भरून ठेवू नका.

जूनमध्ये गेले ते सांव जुआंवसाठी. गोव्यात २४ जूनला सांजाव असतो, डोक्यावर कोपेल घालून विहिरीत उड्या मारतात, त्याच संताचा हा सण. पोर्तोत २३च्या रात्री सगळं शहर रस्त्यावर येतं. दारोदार तारल्या भाजतात, तुळशीच्या जातीच्या छोट्या रोपाच्या कुंड्या विकतात, आणि ओळख नसलेली माणसंही एकमेकांच्या डोक्यावर प्लॅस्टिकच्या हातोडीने टपली मारतात. जुने लोक अजून लसणाचे लांब तुरे घेऊन येतात. मध्यरात्री नदीवर आतषबाजी होते. तेव्हा नदीच्या कोणत्या काठावर राहायचं, हे संध्याकाळीच ठरवा. रात्री पूल ओलांडून परत येऊ, या भरवशावर राहू नका. दोन्ही काठ माणसांनी गच्च भरतात. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर रिबैरात उतरूच नका, वरच्या चौकांतूनही आकाश दिसतं.

रिबैराच्या भिंतीवर एक ब्राँझचं चित्र आहे, त्याखाली लोक मेणबत्त्या लावतात. २९ मार्च १८०९ रोजी फ्रेंच फौज शहरात शिरली, तेव्हा माणसं पलीकडे पळायला नावांच्या पुलावर धावली आणि पूल मोडला. कितीजण बुडाले याचा नक्की आकडा नाही. सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे गेले, तेव्हा एक आजी नवी मेणबत्ती लावत होत्या. आजचा लोखंडी दोन मजली पूल १८८६चा. वरच्या मजल्यावरून मेट्रो जाते आणि माणसंही चालतात. रुळांवर थांबून फोटो काढू नका. मेट्रो हळू येते, पण आवाज फार करत नाही.

उन्हाळ्यात दुपारनंतर उत्तरेचा गार वारा सुटतो आणि समुद्राचं पाणी ऑगस्टमध्येही हाडं गोठवतं. पोहण्याच्या आशेने जाऊ नका, स्वेटर न्या.

मला विचाराल तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा उत्तम. द्राक्षांची तोडणी चालू असते, दोरूच्या खोऱ्यातली उन्हाळ्याची काहिली उतरलेली असते. पोर्तोहून पिन्यांवला रेल्वेने अडीच तास लागतात. जाताना उजव्या खिडकीशी बसा, पहिल्या तासानंतर नदी त्याच बाजूला येते आणि मग सोडत नाही. पायऱ्या-पायऱ्यांचे द्राक्षमळे थेट पाण्यापर्यंत उतरतात. गाड्या थोड्या आहेत, परतीची वेळ आधी बघून ठेवा. या मळ्यांतली पोर्ट वाइन पूर्वी राबेलु नावाच्या सपाट बुडाच्या होड्यांतून गायाच्या गोदामांत यायची. ती गोड असते, त्यामुळे त्यात एकोणीस-वीस टक्के मद्यार्क आहे हे जिभेला कळत नाही. चव घ्यायची तर जेवल्यावर घ्या, आणि नंतर जिने उतरू नका.

शाकाहारी मंडळींसाठी: काल्दु व्हेर्द हे हिरव्या पाल्याचं सूप दिसायला निर्धोक, पण त्यात डुकराच्या सॉसेजच्या चकत्या असतात. फ्रान्सेझिन्या या सँडविचच्या चीजखाली थरावर थर मांस असतं. ‘सें कार्न, सें पैश’ म्हणजे मांस नको, मासा नको, एवढं पाठ करा. आणि टेबलावर न मागता आलेले पाव, ऑलिव्ह, चीज बिलात लागतात. नको असेल तर हात न लावता लगेच परत द्या. कोणी रागावत नाही.

आणि पावसाळी दिवशी वरच्या शहरातून नदीकडे जायचं असेल तर पायऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. बाताल्याच्या चौकाजवळून गिंदाइशची फ्युनिक्युलर, म्हणजे उतारावरची छोटी रेल्वे, निघते आणि काही मिनिटांत पुलाच्या खालच्या मजल्यापाशी आणून सोडते. तिचं तिकीट काढा.