घंटा झाल्यावर
(शब्बाथशाळा शिक्षकांसाठी अभ्यासपाठ)

उद्देश : मुलांचे वर्गाबाहेरील वागणे रागावल्याने नव्हे, तर जागेवर शिकवल्याने सुधारते, हे समजून घेणे.

आदिलाबाद जिल्ह्याच्या सीमाभागात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत. वर्गात शांत बसणारे मूल घंटा होताच नळावर ढकलाढकल करते. मूल तेच, मग असे का होते? वर्गात जागा व काम ठरलेले असते, शिक्षकांची नजर असते. नळापाशी, मैदानात व जेवणाच्या रांगेत यांपैकी काहीच नसते; तेथे दांडग्यांचे चालते.

आपल्याकडे मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, उर्दू बोलणारी मुले आहेत. बोलीवरून चिडवणे बहुधा मैदानातच होते. तेव्हाच्या आंध्र प्रदेशात २००३ साली शाळांतून शिजवलेले दुपारचे जेवण सुरू झाले. सर्व मुलांनी एका पंगतीत जेवावे, हाही या योजनेचा हेतू आहे. रांगेतून ढकलले गेलेले मूल मात्र अर्धपोटी व खिन्न मनाने वर्गात परतते. मग त्याचे लक्ष पाठात कसे लागेल?

छडी हा उपाय नव्हे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. शिवाय भीतीने आलेली शिस्त मोठ्यांची पाठ फिरताच संपते.

मग काय करावे?

१. नियम थोडे व स्पष्ट असावेत. ‘दंगा करू नका’ याऐवजी ‘पुढच्याचे ताट वाढून होईपर्यंत एक पाऊल मागे थांबा’ असे सांगावे.

२. नळाचा नियम नळापाशीच करून दाखवावा व मुलांकडून करवून घ्यावा. मोठ्या सुट्टीनंतर पुन्हा उजळणी घ्यावी.

३. व्हरांड्यातून ओरडू नये, मुलांमध्ये फिरावे. कोपऱ्यांकडे व एकट्या मुलाकडे विशेष लक्ष द्यावे.

४. चांगले वागणे दिसताच ते नेमके सांगावे : ‘तू धाकट्याला आधी पाणी पिऊ दिलेस, छान केलेस.’

५. चुकल्यास चारचौघांत अपमान न करता बाजूला घ्यावे व तीच गोष्ट नीट करावयास लावावी.

शब्बाथशाळा सुटल्यावर खाऊ वाटताना हा प्रयोग सहज करता येईल.

चर्चेसाठी प्रश्न :
१. आपल्या आवारात मुलांवर कोणाचीच नजर नसते अशी जागा कोणती?
२. खाऊच्या रांगेत नेहमी शेवटी कोण राहते? का?
३. येत्या रविवारी कोणता एक नियम आपण जागेवर शिकवाल?