पडल्यावर उठावे कसे?

पाऊस लागला की कोकणात जांभ्या दगडाच्या पाखाडीवर शेवाळ धरते. खळे निसरडे होते. न्हाणी तर बारा महिने ओली. अशा जागी म्हातारे माणूस पाय घसरून पडते.

रत्नागिरी जिल्ह्यातले पुष्कळ पुरुष पोटासाठी मुंबईला असतात. २०११ च्या जनगणनेत इथे १००० पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. मुलगा मुंबईत, सून शेतावर, आजी घरात एकटी. ती पडली तर?

हाड मोडले नाही, तरी उठता येतेच असे नाही. अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात म्हाताऱ्या माणसांची पाहणी झाली. ती १९९३ साली छापून आली. पडून मार न लागलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना कधी ना कधी मदतीवाचून उठता आले नव्हते.

तासन् तास पडून राहणे वाईट. अंग गार पडते. घसा सुकतो. दबलेल्या जागी जखम होते. मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते. म्हणून उठण्याची रीत शिकावी.

१. घाई करू नका. श्वास घ्या. हातपाय हलवून पाहा.
२. मार नसेल तर कुशीवर वळा. कोपरावर जोर द्या.
३. रांगत्या मुलासारखे हात व गुडघे टेका.
४. रांगत जड बाकाकडे जा. त्यावर दोन्ही हात ठेवा.
५. बळकट पायाचे पाऊल पुढे टेकवा. हातांनी रेटा देऊन उठा आणि बाकावर बसा. लगेच चालू नका.

अंगात बळ आहे तोवर, घरचे माणूस जवळ असताना, ही रीत करून पाहावी.

उठता येत नसेल तर हाक मारा. हाताशी असेल ते भांडे वाजवा. पांघरूण ओढून घ्या. जमेल तशी कूस बदला.

मदतीला आलेल्याने काखेत हात घालून ओढू नये. आधी विचारावे, "आजी, कुठं दुखतंय?" खुब्यात कळ येत असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, डोक्याला मार असेल, तर हलवू नये. १०८ नंबरला फोन करावा. गाडी फुकट येते.

शेजारी म्हातारे माणूस एकटे असेल, तर सकाळ-संध्याकाळ एक हाक घालावी. ओ आली नाही, तर आत जाऊन पाहावे.

प्रश्न
१. पडून राहिल्याने काय अपाय होतो?
२. पडलेल्या माणसाला केव्हा हलवू नये?
३. तुमच्या वाडीत एकटे कोण राहते? त्यांना हाक कोण घालील?