सातासमुद्रापलीकडचा करारनामा

दोन गुंठ्यांची जागा घ्यायची म्हटली तरी जो कोल्हापूरकर सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार उलगडून पाहिल्यावाचून विसारापोटी छदामही सोडत नाही, तोच गृहस्थ आखातातील नोकरीचा कागद पुढे आला की पगाराच्या आकड्यावर ओझरती नजर टाकून सही ठोकून मोकळा होतो, ही विसंगती मी उद्यमनगरात आणि पुढे शारजात इतक्यांदा पाहिली आहे की, परदेशी निघालेला कोणी तरुण सल्ल्याला आला तर त्याला मी पगार किती हे विचारण्याआधी कागद दाखव म्हणतो.

शिरोलीच्या एका फौंड्रीत कास्टिंग तपासण्याची नोकरी सोडून मी शारजाला रुजू झालो, तेव्हा कोल्हापुरात हाती पडलेल्या नियुक्तिपत्रातील आणि तेथे सहीसाठी पुढे सरकवलेल्या कागदातील मूळ वेतनाचा आकडा एक नव्हता. एकूण रक्कम तीच. केवळ मूळ वेतनाचा मोठा हिस्सा घरभाडे व प्रवासभत्त्याच्या रकान्यांत ढकलला होता. 'टोटल तो वही है ना,' असे तेथील कारकून म्हणाला, आणि ते खोटेही नव्हते. परंतु तेथील कायद्याप्रमाणे सेवासमाप्तीचे उपदान केवळ मूळ वेतनावर मोजले जाते, पहिली पाच वर्षे दर वर्षास २१ दिवसांचे आणि त्यापुढे दर वर्षास ३० दिवसांचे. म्हणजे सात वर्षे चाकरी केलेल्या ४,००० दिरहम पगाराच्या माणसाचे मूळ वेतन १,६०० असेल तर त्याच्या पदरी ८,८०० दिरहम पडतात. सगळीच रक्कम मूळ वेतन असती तर २२,००० पडले असते! प्रस्तावपत्रातील आणि करारनाम्यातील अटी एकच असाव्यात असा दंडक तेथील मजूर खात्याने २०१६ पासून घातला असल्याचे ठाऊक असल्याने मी पहिली प्रत मेजावर ठेवली आणि, आवाज न चढवता, दुसरीवर सही करण्याचे नाकारले. थोडी कुरकुर झाली, पण आकडा पूर्ववत झाला. पहिली प्रतच ज्याच्यापाशी नाही, त्याने दाद मागायची कशाच्या बळावर?

एजंटाविषयी थोडक्यात सांगतो. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेल्या भरती एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच घेता येतात, तेही पावती देऊन. त्याची नोंदणी 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर पडताळता येते. दहावी न झालेल्यांच्या ईसीआर, म्हणजे उत्प्रवास-तपासणी आवश्यक असलेल्या, पारपत्रावर आखातात नोकरीला जायला सरकारी परवानगी लागते, आणि ती चुकवण्यासाठीच 'आत्ता व्हिजिटवर जावा, तिथं बदलून घेऊ' हा मंत्र कानात सांगितला जातो. भेटीच्या व्हिसावर काम करणे तेथे बेकायदा आहे आणि पकडला जातो तो कामगार. मंत्र देणारा इकडे सुखरूप असतो.

पारपत्र 'सुरक्षिततेसाठी' मालकाच्या तिजोरीत ठेवण्याचा आग्रह झाला तरी ते स्वतःजवळच असावे; ते अडकवून ठेवण्याचा अधिकार मालकाला नाही. घरभाडे तेथे पुढील तारखांच्या धनादेशांनी आगाऊ द्यावे लागते, म्हणून नवखा माणूस आधी 'बेडस्पेस', म्हणजे सामाईक खोलीतील एक खाट, घेतो. तिचे भाडे आणि पहिला पगार होईपर्यंतचे जेवण भागेल एवढी रोकड घरूनच न्यावी.

आता सामानाचा विषय, आणि येथे कोल्हापूरकराने विशेष सावध असावे. उन्हाळ्यात डंकावर कुटून घेतलेली वर्षाची कांदा-लसूण चटणी बरोबर नेल्याशिवाय आमच्याकडे कोणी उंबरा ओलांडत नाही, आणि त्या चटणीत ब्याडगी, संकेश्वरी, तीळ, खोबरे यांच्या जोडीला पुष्कळ घरांत खसखसही पडते. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंदी असलेला अमली पदार्थ मानला जातो. मूठभर सापडली तरी प्रकरण तुरुंगापर्यंत जाऊ शकते, आणि आईने प्रेमाने दिली होती ही कैफियत तेथे चालत नाही. कोडीन असलेले खोकल्याचे औषध किंवा ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक गोळीही तेथील आरोग्य खात्याच्या पूर्वपरवानगीविना नेऊ नये. मी हे घरी सांगितले तेव्हा आईचा चेहरा पडला. 'खसखशीबिगार चटणी म्हंजे नुसतं तिखटच की,' एवढेच ती म्हणाली. तरीही दुसऱ्या दिवशी ती पहाटेच डंकावर गेली आणि आधीच्या घाण्याचा अंशही राहू नये म्हणून डंक दोनदा पुसून घेऊन, कोणाचेही कुटण सुरू होण्याआधी आमचा बिनखसखशीचा घाणा तिने समोर उभे राहून काढून घेतला. शारजातील आमच्या मंडळींनी पांढऱ्या रश्श्यालाही खसखशीऐवजी काजू आणि तीळ वाढवून केव्हाच वाट काढली होती.